माझ्या चेहऱ्यातल्या अकरा दुरुस्त्या

मार्गशीर्ष वद्य पंचमी, १९४०. निजामाच्या सरकारी कागदावर फसली १३५०. जागा: जवळा बाजारपासून दीड कोसावरचं आमचं गाव, आमच्या घराची ओसरी. वेळ: दुपारची जेवणं उरकल्यावर. हजर: माझे वडील, म्हणजे आबा, आई, आबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, हिंगोलीहून नुकताच आलेला मामा, मी, वय सोळा, आणि मामाच्या पिशवीतून निघालेला माझा फोटो.

फोटो हाताच्या पंजाएवढा होता आणि त्यात नुसतं तोंड होतं. असं काहून, ते आधी सांगते.

त्याच्या आधीचा माझा फोटो उभ्याचा होता. एका बाजूला स्टुलावर कागदी फुलांची कुंडी, मागे पडद्यावर रंगवलेला तलाव आणि मध्ये मी. तो फोटो दोन घरी जाऊन परत आला. दुसऱ्या घरानं निरोप धाडला होता की कुंडी छान आली आहे, मुलगी नीट दिसली नाही. तेव्हा मामानं ठरवलं, या खेपेला कुंडी नको, तलाव नको, नुसतं तोंड. हिंगोलीच्या फोटोवाल्या चाचांनी मला कॅमेऱ्याच्या इतकं जवळ बसवलं की मला काचेत माझंच नाक दिसत होतं.

हा फोटो शिरड शहापूरला जायचा होता. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. त्याच्याविषयी एकच गोष्ट कानावर आली होती, की त्याच्या घरी एक कपाट नुसतं पुस्तकांचं आहे. मला तेवढी पुरली. आणि हाही फोटो परत आला, तर संक्रांतीनंतर गोरेगावच्या बिजवराला होकार कळवायचा, असं आबांनी ठरवून टाकलं होतं. बिजवराची चाळिशी उलटलेली, मुली दोन, थोरली माझ्याहून एक वर्षानं लहान. त्यांनी फोटो मागितलाच नव्हता. माझ्या हातची भाकर कशी होते, एवढंच विचारलं होतं. हे सगळं माझ्यासमोर ठरलं, कारण तेव्हा भाकर वाढत होते मीच.

तर फोटो हातोहात फिरला. आत्याच्या हातात आला तशी ती ओरडली, "अगं बाई, कपाळाला बुक्का काहून लावला पोरीनं?"

"कुंकूच हाय ते, अक्का," मामा म्हणाला. "फोटोत काळंच येतं."

"काळं कुंकू धाडायचं व्हय लोकाच्या घरी?"

"म्हणून तर रंग भरून घ्यायचा. चाचांची बायको घरातच रंग भरून राहिली. पण ती पडद्यातली. गिऱ्हाईकाचं तोंड पाहत न्हाई. काय काय कसं पाहिजे ते कागदावर लिहून मागते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. बाजाराची यादी मी करायची, पाहुण्यांची मी करायची, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची मी करायची. त्यामुळे माझ्या तोंडात काय काय सुधारायचं, त्याची यादीही मीच करणार, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी दौत-टाक घेऊन बसले.

पहिलं कलम बिनविरोध पास झालं: कुंकू लाल करणे. दुसऱ्याला तास लागला. आत्या म्हणाली, "लिही, गोरी." आई हळूच म्हणाली, "वन्सं, गव्हाळ लिहा. उद्या पाहायला येतील ते." आबा म्हणाले, "जे हाय ते लिहा." त्यावर दोघी एकदम त्यांच्याकडे अशा वळल्या की ते उठून पान लावायला गेले. शेवटी 'उजळ गव्हाळ' यावर तह झाला. तिसरं, गाल किंचित गुलाबी. चौथं, ओठ; पण विडा खाल्ल्यासारखे नकोत, हे ओसरीच्या टोकावरून पान लावता लावता आबांनी. पाचवं, डोळ्यांतलं पांढरं पांढरं करणे. सहावं, केसांवर तेलाची चकाकी आली आहे ती काळी करणे. सातवं, लुगडं हिरवं. ते अंगावर होतं तेव्हा आईचं मरून होतं, पण आत्याच्या मते मरून रंग सावळ्या पोरीला मारतो. आठवं, कानातल्या कुड्या सोन्याच्या दिसाव्यात. कुड्या शेजारणीच्या होत्या. सोन्याच्याच होत्या, पण फोटोत शिशाच्या वाटत होत्या. नववं, उजव्या भुवईशेजारचा व्रण काढणे. तो आमच्या ढवळ्या बैलाच्या शिंगाचा. दहावं, मानेची शीर उठून दिसते ती बसवणे.

"आणि जराशी हसरी," आत्या म्हणाली.

"अक्का, रंगानं हसू येतं व्हय?" मामा म्हणाला.

"तू लिही गं. देणारी देईल."

अकरावं कलम लिहिलं. वर 'श्री' होतंच. कागद मी एकदा मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे म्हणाले, बराबर हाय. मीही ताडून पाहिला, एकही कलम राहिलं नव्हतं. यादीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

आठ दिवसांनी फोटो रंगून आला. चाचांच्या बायकोनं अकराच्या अकरा कलमं पार पाडली होती. ओठांच्या कोपऱ्यांना गुलाबी रंगाचं बारीकसं टोक वर काढून तिनं मला हसवलंही होतं. घरात आनंदीआनंद झाला. आई तेवढी फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "कुणाची हो ही? चांगली हाय."

फोटो शिरड शहापूरला गेला आणि परत आला नाही. त्याऐवजी चार दिवसांत माणसं आली: मुलाची आई, वडील आणि एक लांबचे काका, जे फक्त पोह्यांपुरते बोलले. मी पाटावर बसले. मुलाच्या आईनं नाव विचारलं, शिवण येतं का विचारलं, अक्षर पाहिलं. रंगाकडे तिनं लक्षच दिलं नाही. व्रणावर बोट फिरवलं आणि "बैल का?" एवढंच म्हणाली. मला वाटलं, सुटले. मग तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

"हे काय?"

"गोंदण," आत्या म्हणाली. माझ्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत. सहा वर्षांची असताना जवळ्याच्या बाजारात गोंदून घेतलेले, हिरवट निळे.

"ते दिसून राहिलं मला. फोटोत काहून न्हाई?"

आत्यानं फोटो मागितला. त्यांनी तो पिशवीतून काढून दिला. फोटोतली हनुवटी कोऱ्या थाळीसारखी स्वच्छ होती. आत्या रोज तीच हनुवटी धरून मला बोलायची. आईनं सोळा वर्षं त्या तोंडाला घास भरवले, वेणीफणी केली. मी त्या फोटोतल्या तोंडाच्या अकरा चुका लिहिल्या. आणि फोटोत गोंदण नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. जे आहेच, ते आहे का म्हणून कोण पाहतं?

"रंग भरताना राहिलं असंल," आबा म्हणाले.

"राहिलं कसं? रंगाचं आमी धरत न्हाई, पाटील. फोटो म्हटला की पोरगी दोन हात गोरी असायचीच. व्रण झाकला, तेबी समजते मी. माझ्या पोराच्या फोटोत त्याचं टक्कल झाकलंय." इथं मुलाचे वडील खोकले. "पण गोंदण कुठं जातं हो? सगळं इथंच सोडून जायाचं, गोंदण तेवढं संगं येतं. ते काढता येत न्हाई, पुसता येत न्हाई. ज्या पोरीचा हा फोटो, तिला गोंदण न्हाई. ती पोरगी कुठंय?"

आता अशी शंका येणं काही नवं नव्हतं. दाखवायची एक आणि बोहल्यावर उभी करायची दुसरी, अशी लग्नं आमच्याच भागात झाली होती. पण त्या दुसऱ्या पोरीवर असं संकट कधी आलं नसेल की पहिली पोरगीही तीच होती.

या नाजूक घडीला मामानं मदत केली. "अहो, फोटो काढला तवा नव्हतंच. परवा गोंदून घेतलं!"

मुलाच्या आईनं अंगठ्यानं ठिपके चोळले. "परवाचं गोंदण सुजलेलं असतं. हे दहा वर्साचं हाय." मग आबांना म्हणाली, "येतो आम्ही." आणि फोटो आमच्या पाटावर ठेवून ती माणसं गेली. पोहे काकांनी संपवले होते.

संध्याकाळी आबांनी गोरेगावला जाणारं कुणी आहे का, याची चौकशी केली. ते वाईट माणूस नव्हते. एक काम झालं नाही की ते पुढच्या कामाला लागत. ही सवय मी त्यांचीच उचलली आहे. म्हणून मी रडत बसले नाही, यादी केली. त्यात तीनच कलमं होती. एक, गोरेगावचा निरोप आठ दिवस थांबवणे. दोन, हिंगोलीला जाऊन ज्या काचेवर फोटो उतरतो ती मूळ काच पाहणे, कारण रंग कागदावर भरतात, काचेवर नाही. काचेत गोंदण असणारच. तीन, ती काच शिरड शहापूरला नेऊन दाखवणे. आबांनी यादी वाचली. "पैलं कलम मी पाहतो," म्हणाले.

गाडीनं औंढा आणि तिथून मोटारीनं हिंगोली. आबा, मामा आणि मी. चाचांनी फडताळातून काच शोधून काढली आणि उजेडासमोर धरली. काचेत सगळं उलटं असतं, काळं पांढरं आणि पांढरं काळं. पण गोंदण कुठंच नव्हतं, ना काळं ना पांढरं. माझं दुसरं कलम तिथंच कोसळलं आणि तिसरं त्याच्याबरोबर.

चाचा हसले. "बेटा, काच की आँख अलग रहती. लाल को काला देखती, नीले को सफेद. कुंकू इसी वास्ते काला आया. गोंदन नीला है, वो चमडी में मिल गया. मेरा कुसूर नई, काच का है."

आतून बांगड्यांचा आवाज आला आणि पडद्याआडून एक हात मला बोलावत होता. मी आत गेले. चाचांची बायको माझ्या आईपेक्षा थोडी मोठी असेल. मांडीवर पाट, पाटावर कुणा फौजदाराचा फोटो, बाजूला चिनी मातीच्या लहान वाट्या आणि काडीला कापूस गुंडाळून केलेले बोळे. रंग कागदाच्या कपट्यांवर सुकवलेले असत. कपट्याचा तुकडा पाण्यात टाकला की रंग उतरे. तिनं माझी हनुवटी उजेडाकडे केली आणि कपाळाला हात लावला.

"हाय अल्ला. ग्यारा बातां लिखी, ये नई लिखी? मैं तो लिखा हुआ रंगती, बेटी. मुझे क्या मालूम तेरा मूं कैसा है."

मग तिनं मला तिचं काम दाखवलं. काळ्या कागदावर कितीही रंग चढवा, तो उजळत नाही; गोरं करायचं तर चाचांना छापतानाच फिका छापायला सांगावं लागतं. सावलीत रंग घालायचा नाही. गालाचा रंग गालावर नाही, गालाच्या हाडावर टेकवायचा आणि कानाकडे पुसत न्यायचा. हे सगळं मला फार नीटनेटकं आणि पटण्याजोगं वाटलं. आणि ते पाहता पाहताच मला माझं नवं तिसरं कलम सुचलं.

मी बाहेर येऊन विचारलं, "चाचा, काचेला कुणाचंच गोंदण दिसत नाही?"

"किसी का भी नई."

"मग त्यांना इथं बसवू या. मुलाच्या आईला. त्यांच्या कपाळावर आणि हनुवटीवर माझ्याहून मोठं गोंदण आहे."

मामा म्हणाला, "ती बाई कशाला येते?"

"आम्हाला खोटं पाडायला येईल," आबा म्हणाले. माणसांची पारख त्यांना होती.

ती आली. निरोप गेल्यावर चौथ्या दिवशी, नवऱ्याला घेऊन, नवं लुगडं नेसून. स्टुलावर ताठ बसली आणि कॅमेऱ्याकडे असं पाहिलं की चाचांनीच मान खाली घातली. मग काच धुतली गेली, फोटो छापला गेला, सुकायला लागला. तोवर आम्ही सगळे बाकावर ओळीनं बसून होतो. मधल्या वेळात मामानं एकदा पिकापाण्याचा विषय काढला. तो तसाच पडून राहिला.

दुपार कलताना चाचांनी फोटो आणून तिच्या हातात दिला. कपाळावरचं गोंदण गेलं होतं. हनुवटीवरचे पाच ठिपके गेले होते. मी मनातल्या मनात कलमावर रेघ मारली. पण ती गोंदणाकडे पाहतच नव्हती.

"माझं कुंकू काळं?"

तिचा चेहरा पार उतरला होता. शेजारी बसलेला नवरा फोटोत डोकावला आणि म्हणाला, "अगं, मी हाय अजून."

"तुमी गप बसा. हे आत्ताच्या आत्ता लाल करून द्या म्हणावं त्यांना!"

"लिख के देना पडता," चाचा म्हणाले.

तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "तुझं अक्षर चांगलं हाय. लिही गं पोरी."

मी कागद घेतला. पहिलं, कुंकू लाल. दुसरं, कपाळावरचं गोंदण. तिसरं, हनुवटीचे पाच ठिपके. कुठं, केवढे, ते मी तिच्या तोंडाकडे पाहून मोजून लिहिलं. मग तिनं दाराकडे पाहिलं. नवरा आणि आबा दाराशी तंबाखू मळत होते. ती माझ्याकडे सरकली आणि आवाज खाली आणला. "वर्णाचं काय लिवतात?"

"उजळ गव्हाळ?"

"तेच," ती म्हणाली. "आन् मानेच्या सुरकुत्या."

तिनं एकूण चौदा कलमं सांगितली. माझी अकरा होती.

कागद आत देताना चाचांच्या बायकोनं माझ्या मुठीत एक पुडी कोंबली. आत नखाएवढा निळ्या-हिरव्या रंगाचा कपटा होता. "तेरा गोंदन. फोटो लेको आ, मैं लगा देती. नई आना हुआ तो खुद लगा ले. साफ पानी, काडी की नोक, तीन बार. तेरे कू जगा मालूम है."

वैशाखात माझं लग्न झालं. मुलाला टक्कल होतं आणि पुस्तकांचं कपाट होतं, दोन्ही खरं निघालं. सासूबाईंचा रंगवलेला फोटो माजघरात लागला आणि त्याच्या शेजारी माझा. येणाऱ्या प्रत्येकीला सासूबाई सांगत, "ही सून. फोटोत गोंदण न्हाई, ती काचेची चूक. माझ्या पाहा, माझ्या हाय." मग ती बाई माझ्या हनुवटीकडे पाही, फोटोकडे पाही आणि समजल्यासारखी मान हलवी. मला आजवर एकही बाई भेटली नाही जिला ते समजलं होतं. बाई गेली की सासूबाई म्हणत, "तेवढं गोंदण फोटोत भरून आण बाई एकदा. बरं दिसत न्हाई."

मी ते यादीत घातलं: हिंगोलीला गेल्यावर फोटो नेणे. पण हिंगोलीला जाणं होई ते कधी दवाखान्याला, कधी कोर्टाच्या कामाला, आणि फोटो घरी राही. एकदा फोटो नेला, तर चाची माहेरी गेलेली. एका वर्षाची यादी संपली की उरलेली कामं मी नव्या वहीत वर लिहून घेते. हे काम सात वर्षं वर लिहिलं गेलं.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यानंतर, मुलुखातली पोलीस ॲक्शनची धामधूम निवळल्यावर, मी फोटो फडक्यात गुंडाळून मुद्दाम त्या एका कामासाठी हिंगोलीला गेले. दुकानाला कुलूप होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, गेले. कुठं? हैदराबादला म्हणतात, त्याच्याही पुढं म्हणतात. काचा? त्या कुणी तरी उचलून नेल्या. पुसून खिडक्यांना लावल्या म्हणे. मी आजूबाजूच्या दोन-चार खिडक्यांकडे पाहिलं. स्वच्छ होत्या.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं गोंदण त्यांच्याबरोबर गेलं, फोटोतलं मागं राहिलं. तेही चाचीनं इतकं बेमालूम रंगवलं आहे की खरं वाटतं.

पुडी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. कपटा वाळून चुरचुरीत झाला आहे, पण रंग उतरेल. मी कोपऱ्याचा इवलासा तुकडा भिजवून पाहिला आहे. काडी आहे. कापूस आहे. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना फोटो खाली घेतला, वाटीत पाणी घेतलं, चष्मा लावला आणि हनुवटीवर काडी धरली. फोटोतली पोरगी माझ्याकडे पाहून हसत होती, आत्यानं सांगितलं होतं तेवढीच. पहिला ठिपका कुठं, ते आरशात पाहून यावं म्हणून उठले, तर दारात दूधवाला आला.

या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर, गव्हाला ऊन देणे आणि नळाची तोटी यांच्यामध्ये, ते लिहून ठेवलं आहे: फोटो, हनुवटी, तीन ठिपके. बाकी.